अंगठे बाहेर

त्या अंगठ्यापाशी पुनीतने व्हिडिओ पुन्हा थांबवला. गाडीच्या नाकावर बसवलेला कॅमेरा, समोर हेल्मेट, हेल्मेटच्या काळ्या काचेवरून धावत जाणारे दिव्यांचे पट्टे आणि खाली स्टिअरिंगवर दोन हातमोजे. शर्यत संपत आली असताना, सरळ रस्त्यावर, डावा अंगठा कड्यावरून सरकला, एका निळ्या बटणावर टेकला आणि क्षणभर तिथेच राहिला. हनुवटीखालची बारीक नळी किंचित थरथरली. बस, एवढंच. या शर्यती पाहण्यात ज्याचं आयुष्य गेलं नाही त्याला ते दिसलंही नसतं, आणि शहाद्यात तसा माणूस पुनीतखेरीज दुसरा नव्हता. ते बटण पाण्याचं होतं. दाबलं की नळीतून तोंडात पाणी येतं. शर्यत दक्षिणेतल्या एका शहरात, दिवस मावळल्यावर, मोठमोठ्या दिव्यांच्या उजेडात झाली होती. आणि हेल्मेटच्या आतला पोरगा, कापसाच्या जिनिंगवाल्या मदनलालचा रिषभ, शाळेत होता तेव्हापासून चौविहार पाळत होता. म्हणजे सूर्य बुडाला की अन्न तर नाहीच, पाण्याचा थेंबही नाही. अख्ख्या बाजारपेठेला हे ठाऊक होतं. देशाचं अजिंक्यपद घेऊन पोरगा घरी येणार म्हणून एसटी स्टँडसमोर जो फ्लेक्स लागला होता त्यावर फोटोखाली तांबड्या अक्षरांत छापलंच होतं, 'व्रतस्थ विजेता'. पुनीतच्या मनात पाल चुकचुकली. तिचा आवाज त्याच्या ओळखीचा होता. गिऱ्हाईक टायर घेऊन दुकानाची पायरी चढलं की ती रोजच चुकचुके.

"शेठ, आते तरी मन्हाकडे दखा," म्हसावदचा रायसिंग केव्हाचा उभा होता. उसाच्या ट्रॉलीचा फाटलेला टायर त्याने काउंटरला टेकवून ठेवला होता. "कंपनीनं खराब माल धाडा. नवा टायर, आनि हाऊ असा फुटना."

पुनीतने मोबाइल पालथा ठेवला, टायरच्या आत हात घातला आणि बोट फिरवून बाहेर काढलं. बोटावर घासलेल्या रबराची काळी भुकटी होती. "हवा कमी व्हती, रायसिंगभाऊ."

"नही शेठ. देवनी आन."

"देवले कसाले मधमा लयस? हाई बोट दख."

रायसिंगने बोट पाहिलं, मग आढ्याकडे पाहिलं आणि हसला. "तुम्हना हात म्हंजे कोर्टच शे." जाता जाता त्याची नजर काउंटरकडे वळली. "मोबाइलमा आपला मदनशेठना पोऱ्याच व्हता ना? जिकना ना तो?"

"जिकना."

"मंग तुम्ही तोंड असं का करेल शे?"

आपण तोंड कसं केलं आहे हे पुनीतला कळलं नाही. फाटलेल्या टायरच्या आत हात घालून माणूस खरं बोलतो की खोटं हे ठरवण्यात त्याची उमर गेली होती. दिवसभर गिऱ्हाइकं शपथा घेत आणि दिवसभर पुनीत त्यांना काळं झालेलं बोट दाखवी. घरी बायको, रिद्धी, म्हणे, "तुम्ही माणसंही आतून चाचपून पाहता." खरंच होतं ते. पण एक जागा त्याने यातून वगळून ठेवली होती. कॉलेजात नापास होऊन तो दुकानात बसला त्या वर्षी शहाद्यात केबल आली. वडील दुपारी आडवे झाले की तो आवाज अगदी बारीक करून दूर देशांतल्या शर्यती पाहायचा. बोलणं समजत नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. गाडी पुढे होती किंवा मागे होती. तिथे कुणी शपथ घेत नव्हतं, वडिलांचं नाव सांगत नव्हतं, 'शेठ, पुढच्या वेळी पाहून घेऊ' म्हणत नव्हतं. त्या गाड्यांच्या आवाजात त्याला दुकानातल्या रबराच्या वासाचीही लाज वाटेनाशी व्हायची. तोच वास, फक्त जळालेला, तिथेही असणार. इतकी वर्षं हे सगळं त्याचं एकट्याचं होतं. बाजारातले लोक म्हणत, पुनीतला गोल गोल फिरणाऱ्या गाड्यांचं येड लागलंय. आणि आता गेला आठवडाभर किराणावाला, सोनार, केळीच्या गाडीवरचा हमाल, जो तो त्याला टायर कधी बदलावा आणि कुठल्या वळणावर आतून घुसावं ते समजावून सांगत होता. आपल्या घरातलं भांडं शेजाऱ्याच्या हातात दिसावं तसं त्याला होत होतं.

समोरच्या कापड दुकानातला शांतीलाल समाजाच्या मंडळाचा सचिव होता. रविवारी जैन भवनात रिषभचा सत्कार ठेवला होता आणि विजयाबद्दल बोलायचं होतं पुनीतने. दुसऱ्या कुणाला त्यातलं कळत नव्हतं. सकाळी शांतीलाल रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "तू गाड्यांचं बोल, पण शेवट व्रतावर आण. दिवस मावळला, घसा कोरडा, बाकीचे घटाघटा पाणी पितात, आणि आपला पोरगा एका थेंबाशिवाय पहिला! महाराजसाहेबांना किती आनंद होईल." पुनीत हो म्हणायला गेला आणि तोंडातून भलतंच निघालं, "आधी खात्री करून घ्या." शांतीलालच्या हातातला चहा हातातच राहिला. "कसली खात्री?" पुनीत म्हणाला, "काही नाही." शांतीलाल दुकानात परत गेला खरा, पण गाठोड्यांच्या आडून तो अधूनमधून या बाजूला पाहत राहिला. अर्धं वाक्य या बाजारात पूर्ण वाक्यापेक्षा लांब जातं हे पुनीतला माहीत नव्हतं असं नाही. रविवारी तो जे बोलेल, किंवा जे गाळेल, त्यावर लोक पोराचं माप काढणार होते. खोटं व्रत मिरवणारा म्हणून एकदा नाव पडलं की मग पोरगा कितीही शर्यती जिंको.

पण त्याची शंका शांतीलालला वाटली असेल त्याहून वेगळी होती, आणि ती स्वतःशी बोलून दाखवायलाही त्याला ओशाळं वाटत होतं. रिषभ पाणी प्यायला, असं नव्हतंच त्याच्या मनात. त्याच्या मनात होतं, की तो रिषभ नव्हताच. हेल्मेट, काच, मोजे, मानेपर्यंत बंद कपडे. माणसाचा नखाएवढा भाग दिसत नाही. गाडीत बसतो एक आणि शर्यत संपल्यावर हेल्मेट काढून हात हलवतो दुसरा, असं का होऊ नये? परीक्षेला दुसऱ्याच्या जागी बसणारी पोरं काय कुणी पाहिली नव्हती? विचार वेडगळ होता हे त्याला कळत होतं. चारी बाजूंनी कॅमेरे, शेकडो माणसं, ते काय आंधळे आहेत? तरी तो विचार चपलेतल्या खड्यासारखा बोचत राहिला, कारण पाणी ही त्यातली लहान गोष्ट होती. मोठी गोष्ट अंगठे होते. त्या व्हिडिओतल्या माणसाचे दोन्ही अंगठे स्टिअरिंगच्या आत वळवलेले, आडव्या दांड्याला घट्ट धरून होते. रिषभ तसं स्टिअरिंग धरूच शकत नव्हता. पुनीतने त्याला तसं धरू दिलंच नव्हतं.

पुनीतचा स्वतःचा डावा अंगठा वाकडा होता. तरुणपणी प्रकाशा गावाच्या पुढे, नदीकाठच्या काळ्या मातीच्या रस्त्यावर, जीपचं पुढचं चाक वाळलेल्या चाकोरीत आदळलं, स्टिअरिंग उलटं फिरलं आणि आत अडकलेला अंगठा कट्कन मोडला. तो आवाज त्याला अजून ऐकू येई, दातांत ऐकू येई. म्हणून मदनलालचा पोरगा नीट पायही पुरत नसताना जीप चालवायचा हट्ट धरून बसला तेव्हा पुनीतने पहिली गोष्ट शिकवली ती हीच. कडं तळव्यात धरायचं, अंगठे वर, बाहेर. त्या वर्षी मदनलाल जिनिंगच्या व्यापात बुडालेला होता आणि रविवारची दुपार पोरगा पुनीतच्या हवाली असे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून कच्चा रस्ता, पोराच्या मानेवरचा घाम, गरम रेक्झिनचा वास. खड्डा दिसला की पुनीत ओरडे, "अंगठे!" आणि पोरगा त्याहून मोठ्याने ओरडे, "बाहेर!" मागे रिकामे जेरीकॅन एकमेकांवर आपटत. एकदा रस्त्यात म्हशी आडव्या बसल्या होत्या आणि पोराने ब्रेक न लावता, जरासा बांधावरून, जीप अशी काढली की पुनीतला छातीत काहीतरी हललेलं जाणवलं. टीव्हीवरचं ते, समुद्रापलीकडचं, इथे केळीच्या बागेत आलं होतं. पुढे पोरगा पुण्याला गेला, मग दक्षिणेत, मग त्याचे फोटो येऊ लागले. जिंकल्यावर एका मुलाखतीत त्याला विचारलं, तुला गाडी कुणी शिकवली? त्याने तीन प्रशिक्षकांची नावं घेतली. ती मुलाखत पुनीतने एकदाच पाहिली. व्हिडिओ मात्र तो तेव्हापासून पाहत होता, हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्याने ते लक्षात आलं नाही असं ठरवलं होतं.

चांदनीभाभीचा, मदनलालच्या बायकोचा, फोन दुपारीच आला. "रिषभ सकाळी आला. दिवस मावळायच्या आत जेवायला या. रिद्धीलाही आणा." रिद्धी म्हणाली, "मला गुडघ्याचं कारण सांगा. तुम्ही पोराला चाचपणार आणि मी बाजूला पुऱ्या खात बसू?" म्हणून तो एकटाच निघाला. घर प्रकाशा रस्त्यावर, जिनिंगला लागून होतं. साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॉल्यांमागे जीप गोगलगाईसारखी सरकत होती आणि हवेत मळीचा आंबूस गोड वास भरला होता. पुनीतने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. अंगठे बाहेर होते. त्याने डावा अंगठा मुद्दाम आत वळवून पाहिला. लगेच पाठीतून शिरशिरी गेली आणि त्याने तो बाहेर काढला. पाहा, तो स्वतःशी म्हणाला, शरीर विसरत नाही. मग ते पोर कसं विसरेल?

रिषभ दारातच भेटला, वाकून पाया पडला. उंच झाला होता, मान मात्र बैलासारखी जाड. ही मान फोटोत नव्हती, की होती? "काका, दुकान कसं आहे? रायसिंग अजून देवाची शपथ घेतो?" पुनीत हसला आणि त्याच वेळी मनात म्हणाला, हे याला आईनेही सांगितलेलं असू शकतं. मदनलाल सुरतेला गेलेला होता. पाटांपुढे दोघांची पानं मांडली होती. चांदनीभाभी वाढत होत्या आणि मधूनमधून पश्चिमेच्या खिडकीकडे पाहत होत्या. जिनिंगच्या पत्र्याआड सूर्य उतरत होता. पोरगा मुकाट्याने, भराभर जेवला. शेवटी भाभींनी तांब्या पुढे केला, ते पाणी तो एका दमात, डोळे मिटून प्यायला आणि हात जोडून त्याने पच्चक्खाण म्हटलं, म्हणजे आता उद्या सूर्य उगवेपर्यंत काही घेणार नाही अशी प्रतिज्ञा. पुनीत त्याच्या गळ्याकडे पाहत होता. घाटी वर गेली, खाली आली. त्या व्हिडिओत गळा दिसत नव्हता.

"शांतीलालजींचा फोन होता," चांदनीभाभी ताटं उचलता उचलता म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यामुळे पुनीतला जास्त अवघड झालं. "म्हणाले, पुनीतभाईंना कसलीशी खात्री करायची आहे. म्हटलं मग जेवूनच करा."

पुनीतने रिकामा तांब्या बाजूला सरकवला.

"पाण्याचं ना?"

"भाभी, मी तसं कुणाला..."

"तो प्यायला पाणी. मला त्याच रात्री फोन करून सांगितलं त्याने." त्यांनी ताटं खाली ठेवली. "पुनीतभाई, तुम्ही लहानपणापासून पच्चक्खाण म्हणता. त्याच्या शेवटचे शब्द काय आहेत?"

पुनीतने ते एका श्वासात, घडाघडा, जसं आजवर म्हणत आला तसं म्हणून दाखवलं. सहा वर्षांचा असल्यापासून त्याला ते पाठ होतं.

"अर्थ?"

अर्थ त्याने कधी विचारला नव्हता. कुणी सांगितलाही नव्हता. ते मंत्रासारखं होतं, शेवटाकडे वेग घेऊन संपणारं.

"ते आगार आहेत," भाभी म्हणाल्या. "सूट. विसरून तोंडात गेलं तर व्रत मोडत नाही. अचानक गेलं तर मोडत नाही. मोठ्यांनी सांगितलं तर नाही. आणि जीव इतका कासावीस झाला की मन ठिकाणावर राहीना, तर तेव्हाही नाही. व्रत घेतानाच हे सगळं म्हणून ठेवायचं असतं. ज्यांनी हे व्रत घालून दिलं त्यांना माणूस माहीत होता."

"डोळ्यांपुढे अंधारी आली होती, काका," रिषभ खाली बघत म्हणाला. "आत भट्टी असते. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, पाणी नाही तर गाडी नाही. दुसऱ्या दिवशी प्रायश्चित्त म्हणून आयंबिल केलं, दिवसातून एकदाच, अगदी बेचव जेवलो. ते फ्लेक्सवाले मला विचारून छापत नाहीत हो. रविवारी मीच सांगणार आहे, पाणी प्यायलो म्हणून. तुम्ही नुसतं गाड्यांचं बोला."

आगार म्हटल्यावर पुनीतला आजवर एसटीचंच आगार आठवत आलं होतं. जिभेवर रोज येणाऱ्या शब्दांत ही एवढी दारं उघडी होती आणि तो भिंत समजून त्यांना टेकून उभा होता. टायरच्या वॉरंटीच्या मागेही बारीक अक्षरं असतात. ती त्याला तोंडपाठ होती, आणि ती सगळी गिऱ्हाइकाला परत पाठवण्यासाठी असतात. ही बारीक अक्षरं उलट्या बाजूची होती. त्याला हलकं वाटायला हवं होतं. शंका फिटली होती, पोरगा सरळ होता, रविवार सुटला होता. पण त्याच्या लक्षात आलं, की तो अजून रिषभच्या हातांकडेच पाहतो आहे.

"आणि अंगठे?" तो म्हणाला.

"काय?"

"स्टिअरिंगवर. आत असतात तुझे."

रिषभला क्षणभर कळलंच नाही. मग तो एकदम मोकळा हसला, जीपमध्ये हसायचा तसा. "ते होय! काका, ती सवय सोडवायला कोचला काय त्रास झाला म्हणून सांगू. शर्यतीच्या गाडीत अंगठ्याने धरावंच लागतं, नाहीतर हात सुटतो वळणावर. पहिलं वर्षभर माझा वेळच सुधारत नव्हता, तो त्याच्याचमुळे. शेवटी त्यांनी अंगठ्यांना चिकटपट्टी लावली, तेव्हा कुठे गेली."

भाभीही हसल्या. पुनीतनेही हसून घेतलं. बाहेर जिनिंगचा भोंगा झाला. तर हे असं होतं. दुसरा कुणी नव्हता, तोतया नव्हता, गाडीत रिषभच होता, आणि जो जिंकला त्याच्यात पुनीतचं काही नव्हतं. जे होतं ते अडचण म्हणून, चिकटपट्टी लावून, काढून टाकलेलं होतं. आठवडाभर आपण काय शोधत होतो ते त्याला आता स्वच्छ दिसलं. हेल्मेटच्या आत परका माणूस निघाला असता तर बरं, असं त्याला वाटत होतं. लबाडी निघाली असती तर केळीच्या बागेतल्या त्या दुपारी शाबूत राहिल्या असत्या. मुलाखतीतली तीन नावं खरी होती. पोराने कुणाला वगळलं नव्हतं, फक्त खरं उत्तर दिलं होतं. पुनीतने खिशातला मोबाइल चाचपला आणि व्हिडिओ पुसून टाकावा असं त्याच्या मनात आलं. मग ते तसंच राहिलं.

तो उठला तेव्हा रिषभ म्हणाला, "काका, चावी द्या. मी सोडतो. येताना पप्पांची गाडी शहाद्यातून आणायचीच आहे." भाभींनीही सांगितलं, अंधार झालाय, ट्रॉल्यांना मागे दिवे नसतात. पुनीत कितीतरी वर्षांनी जीपमध्ये डावीकडे बसला. त्या बाजूने जीप वेगळीच वाटत होती, दुसऱ्याची असल्यासारखी. रिषभ सावकाश चालवत होता. दोन उसाच्या ट्रॉल्यांमागे तो कंटाळा न करता राहिला, हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मीटरच्या पिवळट उजेडात त्याचे हात दिसत होते. अंगठे आत होते. पुनीत समोर पाहत होता आणि हात पाहत होता. पुढे मोरीचं काम चाललेलं होतं. डांबर संपून गाड्या शेतातल्या कच्च्या वाटेवर उतरत होत्या. दिव्यांच्या झोतात काळी, चाकांनी कापलेली माती आली, चाकोऱ्या दिसल्या, आणि पहिला दणका बसायच्या आत रिषभचे दोन्ही अंगठे वर आले. सहज. झोपेतला माणूस कूस बदलतो तसे. जीप डुलत राहिली, कडं त्याच्या तळव्यांत मागेपुढे सरकत राहिलं आणि अंगठे बाहेर होते.

'बाहेर!' हा शब्द पुनीतच्या ओठांवर आला. आणि त्याच्या पाठोपाठ, ओळखीची, ती पाल. आता घरातच तर विषय निघाला होता. हसता हसता पोराने आपलं तोंड पाहिलं असेल. भाभींनी चावी देताना त्याला काही खुणावलं असेल. तो आपल्यासाठी करतोय हे. म्हाताऱ्या माणसाला खेळवावं तसं. नाहीतर चिकटपट्टीने गेलेली सवय अशी परत येते? की इथे, या मातीवर, येतेच? रिषभचे डोळे रस्त्यावर होते. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. तो आता हेल्मेटच्या आत असल्यासारखाच होता.

मोबाइल वाजला. शांतीलाल होता. "हां पुनीत, झाली का रे तुझी खात्री? उद्या सत्काराची पत्रिका छपाईला द्यायचीय, तुझं नाव टाकू की नको?"

"टाक," पुनीत म्हणाला. "पण ते व्रतस्थ बितस्थ काढून टाक. पाणी प्यायला तो. स्वतःच सांगणार आहे."

"मग तू काय बोलणार?"

"गाड्यांचं."

"म्हणजे पोरगा खरा ना, एवढं सांग."

रिषभने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं नाही. पुनीत म्हणाला, "खरा शे," आणि फोन ठेवला. अहिराणी आपण शांतीलालशी कधी बोलत नाही, हे त्याला नंतर जाणवलं.

कच्ची वाट अजून संपली नव्हती. समोर दिव्यांत एक मोठी चाकोरी दिसली, ट्रॅक्टरने खोल कापलेली, तशीच, जशी तेव्हा नदीकाठी होती. तिच्यापर्यंत पोचायला थोडा अवकाश होता. वळून पाहिलं असतं तर सगळं दिसलं असतं. आणि तो पाहतो आहे हे पोरालाही दिसलं असतं. पुनीतने आपला वाकडा अंगठा मुठीत धरला, आणि दणका बसायच्या आधी डोळे मिटून घेतले.